अडलेला सलाम

बसा हो, खुर्ची घ्या, पाटावर नको, तिथं पीठ सांडलं हाय. मी पोळ्या लाटत लाटतच सांगते, चालते ना तुमाले? डबे भरायचे हायत, मेसचे पोट्टे टाइमावर दारात येऊन उभे राहते अन् ताट नाई दिसलं का काकू काकू करून डोस्कं खाते. तुमी म्हणता आमच्या मंडळीतल्या त्या भानगडीचं सांगा. सांगते. पण मी चिडून सांगीन, ते आताच सांगून ठेवते, मंग म्हणू नका का करुणाबाई लय कडक बोलते. झालंच तसं, त मी काय गोड बोलू.

माहा जन्म सेलू तालुक्यातला, केळझरच्या अलीकडं आडवाटेले एक खेडं हाय, तिथला. आजा ख्रिस्ती झालता, काऊन झाला कसा झाला ते मले कोणी नीट सांगतलं नाई, एवढंच म्हणत का आजी आजारी होती अन् दवाखान्यातल्या बाईनं तिची लय सेवा केली. गावात आमचे मोजकेच घरं. गावाशी काही वाकडं नोतं, पोळ्याले बैल आमच्याई दारात येत, नाताळाच्या करंज्या आमी साऱ्या गल्लीत वाटत. बाप गवंडी होता, दिवसभर इटा चढवे अन् संध्याकाळी हातपाय धुऊन शास्त्र, म्हणजे बायबल, वाचे, मोठ्यानं, ओळीवर बोट ठेवून, अन् आमी सारे पोट्टे चुलीकडं ध्यान ठेवून ऐकत. सातवीपर्यंत शिकली मी. मंग लग्न झालं, नवरा वर्ध्याले कॉलेजात शिपाई, चांगला माणूस, शांत, माह्या एकदम उलटा. तो गेला तवा सुवार्ता शाळेतच होती. सुवार्ता म्हणजे माही पोरगी, एकुलती एक. तवापासून ही मेस. पोळ्या लाटून लाटून तिले नर्स केलं मी, कोणापुढं हात पसरला नाई.

आता मंडळीचं. तुमी आमच्यातले नाई म्हणून फोडून सांगते. मंडळी म्हणजे चर्च, पण इमारत नाई बरं, माणसं. खेड्यापाड्यातून इथं वर्ध्याच्या पिपरीले राहाले आलेले आमी काही घरं होतो, शहरातलं मोठं चर्च लांब पडे, अन् तिथं गेलं त मांगच्या बाकावर बसा, कोणी विचारे नाई. मंग आमीच टिनाच्या शेडमंधी प्रार्थना सुरू केली. नंतर भिंती आल्या, बाकं आले. आमच्यावर कोणी बिशप नाई, कोणी मिशन नाई. पाळक आमीच बोलावतो, जमलं नाई त आमीच निरोप देतो. पाळक म्हणजे तुमच्या भाषेत पुजारी समजा, पण पुजारी नाई, शिकवणारा. अन् चार पंच, तेई आमीच निवडलेले. बाकी मालक एकच, प्रभू. हे मले तोंडपाठ हाय, काऊन का लहानपणापासून हेच आयकलं. मंडळीले अधिकार प्रभूनं दिला. मंडळीनं इथं बांधलं, म्हणजे कोणावर बंदी घातली, ते वर स्वर्गात बांधलं जाते, मंडळीनं इथं सोडलं ते वर सोडलं जाते. मी आजही मानते. लोकाइले वाटते करुणाबाई मंडळीच्या विरोधात गेली. अवं मी काऊन विरोधात जाऊ, मी तिथं झाडू मारला हाय, दर महिन्याची प्रभूच्या मेजाची भाकर मी करते.

ते भाकरीचं समजून घ्या, नाईत पुढचं समजणार नाई. महिन्याच्या पयल्या रविवारी प्रभुभोजन असते, भाकर अन् द्राक्षाचा रस. भाकर बिनखमिराची, गव्हाची, जाड, एकच मोठी. मेजावर पांढऱ्या कापडाखाली झाकून ठेवते. अन् ते कापड उघडायच्या आधी आमच्यात सलाम फिरते. हे बाकी चर्चात असं नाई, आमच्याच इथं हाय, टिनाच्या शेडपासून. पाळक मेजापासून पयला सलाम देते, हात हातात घेऊन, शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याले द्यायचा, बाकामांगून बाक, पार दारापर्यंत, अन् फिरून परत मेजापाशी आला का मंगच कापड उघडायचं. कोणाचं कोणाशी वाकडं असलं, हात दिला नाई, त सलाम तिथंच अडते अन् भाकर झाकलेलीच राहते. सुरुवातीले दोन सख्खे भाऊ होते, मदल्या भिंतीच्या भांडणापायी एकमेकाशी बोलत नोते, त्याइच्यापायी मंडळीले भाकर भेटली नाई, मंग सगळ्यांनी त्याइच्या घरी जाऊन जाऊन त्याइले वैतागवलं अन् बोलतं केलं. मी लग्न होऊन यायच्या आधीचं हे, सायमन आबा सांगते. सायमन आबा म्हणजे आमच्यातले सर्वात म्हातारे, पंचबिंच नाई, साधे माणूस, पण शेडचे खांब त्याइनं रोवलेले.

सुवार्ताचं लग्न मंडळीतच केलं मी. पंच इमानवेलभाऊ, त्याइचा पोरगा प्रवीण. पाहाले चांगला, कंपनीत नोकरी, अन् उपासनेत तबला वाजवे. मी म्हटलं घरचं पोरगं, डोळ्यासमोर वाढलेलं, अजून काय पाह्यजे. काय सांगू तुमाले, त्याच हातानं माह्या पोरीले मारे. रविवारी तबल्यावर प्रभूची स्तुती अन् सोमवारी पोरीच्या पाठीवर. ती मले सांगे नाई. पूर्ण बाह्याचे ब्लाउज घाले उन्हाळ्यात, मी विचारलं त म्हणे दवाखान्यात एसी असते आई. मी येडी, मले खरं वाटलं. एक दिवस आली ते मनगट सुजलेलं, बोटं हलेनात, ती सोता नर्स, तिले मालूम होतं का हाड मोडलं हाय, तरी ऑटोनं आधी माह्याकडं आली, दवाखान्यात नाई गेली, काऊन का दवाखान्यात सारे ओळखीचे. तवा कळलं मले. मी तिले म्हटलं आता तू त्या घरात पाय ठेवायचा नाई. ती म्हणे नाई ठेवत.

अन् मंडळीनं काय केलं माहीत हाय? पंच बसले. चार माणसं, पाळक साहेबाच्या खोलीत, दार लावून. त्यातला एक पोराचा सोताचा बाप! तेच आरोप लावणार, तेच फैसला करणार. सुवार्ताले बोलावलं नाई, मले बोलावलं नाई. रविवारी सूचना देतात ना, अमक्याच्या घरी प्रार्थना, तमक्याचा वाढदिवस, त्या सूचनांमंधी पाळक साहेबानं वाचलं का बहीण सुवार्ता पतीचं घर सोडून गेल्यामुळं तिले शिस्तीखाली ठेवण्यात येते, पतीकडं परत जाईपर्यंत तिच्यासाठी प्रभुभोजन बंद, संडे स्कूल शिकवणं बंद, अन् शिस्तीचा भाग म्हणून कोणी तिले सलाम देऊ नये. मंग वाढदिवसवाल्यासाठी टाळ्या वाजवल्या. अन् प्रवीण तिथं तबल्यामांगं बसून होता. त्याले काहीच नाई, एक अक्षर नाई.

पोरगी माह्या बाजूले, प्लास्टर बांधलेला हात पदराखाली. ती रडली नाई. तबला फोडून टाकावा वाटे मले.

मी उठून गोंधळ घातला असता, पण बापानं शिकवलेलं आठवलं. प्रभूनं सांगून ठेवलं हाय का भाऊ चुकला त आधी एकट्यानं जाऊन त्याले सांग. नाई आयकलं त एकदोघं सोबत घेऊन जा. तरी नाई आयकलं त मंडळीले सांग. म्हटलं ठीक हाय, तुमी शिस्त शिकवता ना, मी पायरी पायरीनंच येते.

गेली इमानवेलभाऊकडं एकटी. बसवलं, चहा दिला, रत्नाबाईनं बिस्किटं आणून ठेवले, रत्नाबाई म्हणजे माही विहीण, बाई मुक्यासारखी, नवऱ्यासमोर मान वर करत नाई. मी सीधं सांगतलं का तुमच्या पोरानं हाड मोडलं माह्या पोरीचं. ते म्हणे करुणाबाई, घरात भांडी वाजतातच, बाईनं सोसून घ्यावं लागते, अन् आता हा विषय माह्या हातात नाई, मंडळीचा फैसला झाला, मंडळीनं बांधलं ते वर बांधलं गेलं. मी म्हटलं, भाऊ, तुमच्या पोरानं माह्या पोरीचं मनगट पिरगाळलं तेई वर बांधलं गेलं का? त चहाचा कप ठेवला अन् उठून आत गेले. रत्नाबाई दारात उभी, पदराचं टोक तोंडात. तिचा मले नवऱ्यापेक्षा जास्त राग आला तवा.

मंग दुसऱ्यांदा गेली पाळक साहेबाकडं, सायमन आबाले अन् महिला समाजातल्या मेरीबाईले घेऊन. पाळक साहेब नवे हाय आमच्याकडं, तरुण, शिकलेले, वाईट माणूस नाई, पण पंचाइले भिते. पंच नाराज झाले त निरोप, ते त्याले मालूम हाय. म्हणे ताई, विषय संपला, पंचांनी विचार करून ठरवलं. आबा म्हणे, पंचांनी ठरवलं, मंडळीनं कुठं ठरवलं? पाळक साहेब म्हणे पंच म्हणजेच मंडळी, मंडळीच्या वतीनं तेच पाहते. आबा हसले. म्हणे बाबू, मी पंच नाई, मंग मी कोण हाय, मंडळीचा खांब का खुर्ची? पण निर्णय काही बदलला नाई.

राह्यली तिसरी पायरी. पुढच्या रविवारी सूचना संपल्या अन् मी उठून उभी राह्यली. म्हटलं मले मंडळीले एक गोष्ट सांगायची हाय. पाळक साहेब म्हणे ताई उपासनेनंतर. म्हटलं नाई, प्रभूनं सांगतलं मंडळीले सांग, मंडळी आत्ता बसून हाय, उपासनेनंतर सारे गाड्या काढते. अन् सांगतलं सारं. मनगट सांगतलं, पूर्ण बाह्या सांगतल्या, बंद खोली सांगतली. म्हटलं मी दोन्ही पायऱ्या चढून आली हाय, आता तुमी सांगा, हे मंडळीनं केलं का चार माणसांनी?

काय सांगू तुमाले. कोणी हललं नाई. ज्याइच्या बाळंतपणाले मी डिंकाचे लाडू करून नेले त्या बाया मांडीवरच्या पुस्तकात पाहून राह्यल्या. ज्याइच्या मयतीत मी रात्रंदिवस सैपाक केला ते माणसं पंख्याकडं पाहून राह्यले. इमानवेलभाऊ म्हणे गायन सुरू करा, अन् प्रवीणनं तबल्यावर हात ठेवला. मले एवढा राग मारणाऱ्याचा नाई आला हो, एवढा त्या पंख्याकडं पाहणाऱ्याइचा आला. मारणारा एक होता. हे सारे मिळून माह्या पोरीले पाठ दाखवून राह्यलते.

अन् तो पयला रविवार होता. भाकर मीच करून आणलती, ते बी पहा, माह्या हातची भाकर चालते, माह्या पोटची पोरगी चालत नाई. सलाम निघाला मेजापासून. फिरत फिरत आला शेवटच्या बाकापाशी, मेरीबाईनं मले हात दिला. माह्या एका बाजूले मेरीबाई, दुसऱ्या बाजूले सुवार्ता, तिच्या पलीकडून पुरुषाचे बाकं सुरू होते. म्हणजे मी पोरीले ओलांडून पलीकडं हात द्यायचा, जशी काई ती तिथं बसलीच नाई. पलीकडच्या माणसानं त हात काढूनही ठेवला होता. मी सुवार्ताकडं हात केला. ती म्हणे आई नको. मी म्हटलं मंग सलाम इथंच हाय. अन् दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

थांबले सारे. माना वळल्या. पाळक साहेब म्हणे चला, पुढं जाऊ, अन् कापडाले हात घातला. तवा सायमन आबा पुढच्या बाकावरून उठले, काठी टेकत मेजापाशी गेले, अन् काय मोठ्यानं नाई, हळूच म्हणे, पाळक साहेब, कापड राहू द्या. सलाम आला नाई.

इमानवेलभाऊ चिडले, म्हणे एका बाईपायी सारी मंडळी उपाशी ठेवायची का? आबा म्हणे हे शेडमंधी सर्वाइनं मिळून ठरवलेलं हाय, चौघांनी नाई, मोडायचं असन त सर्वाइनं मिळून मोडा. आता मोडा म्हणायची हिंमत कोणाची? ते भाऊ ज्याइनं भिंतीपायी अबोला धरलता त्याइचे नातू तिथं बसलेले. कापड उघडलं नाई. आशीर्वाद झाला, सारे घरी गेले.

भाकर मी परत घरी आणली. भाकरीवरची प्रार्थना झाली नोती, म्हणजे साधीच भाकर ना ती. मेसच्या पोट्ट्याइले वाढाले मन झालं नाई. आमी मायलेकीनंच खाल्ली, वरणात कुस्करून. सुवार्ता डाव्या हातानं खाय. खाता खाता हसली, कितीतरी दिवसांनी हसली, म्हणे आई, यांनी माहं बंद केलं अन् पयला घास मलेच भेटला.

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. सुवार्ता येई, माह्या बाजूले बसे, सलाम येई, अन् माह्या हातात थांबे. आता लोक माह्यावर चिडले. पोरीचा हात मोडला तवा कोणी चिडलं नाई, भाकर अडली त चिडले! मंडळीतल्या दोन घरचे डबे माह्याकडून जात, ते बंद झाले. कोणी म्हणे हिच्यात सैतान शिरला. उपदेशात पाळक साहेब सांगे का काही लोक मंडळीत फूट पाडतात, अन् सांगताना पाहे माह्याकडं, मीई पाहे त्याइच्याकडं, डोळे खाली केले नाई. एकीनं त मले नळावर गाठून म्हटलं, करुणाबाई, माह्या सासूचे शेवटले दिवस हाय, तिले भाकर पाह्यजे, सोडा ना हट्ट. त्या म्हातारीचं मले लागलं मनाले, खोटं नाई सांगत. पण म्हटलं बाई, तुह्या सासूची भाकर मी नाई अडवली. तू इमानवेलभाऊले जाऊन हे विचारलं का? नाई विचारलं. विचारायचं त करुणाबाईले, ती एकटी, विधवा, तिच्यावर सारे चढते.

असं करता करता पुनरुत्थानाचा सण जवळ आला, ईस्टर म्हणता तुमी. आता नाताळ बिनभाकरीचा चालते एकवेळ, पण वल्हांडणाच्या रात्रीची, म्हणजे क्रुसावर जायच्या आदल्या रात्रीची भाकर प्रभूनं सोता मोडली, तीच आमी आठवतो, ती नाई त मंग आमी जमायचं कशाले? तवा कुठं लोक हलले. आबा घरोघरी गेले काठी टेकत. अन् साऱ्या मंडळीची सभा ठरली, बाप्तिस्मा झालेले सारे, बाया माणसं सारे. पंचाइले हो म्हणावंच लागलं.

इमानवेलभाऊ पयले बोलले, अन् लय वेळ बोलले, शास्त्राचे आधार दिले, बायकांनी कसं राहावं, घर कसं टिकवावं. प्रवीण भिंतीले टेकून मोबाइल पाहून राह्यलता. मंग पाळक साहेब म्हणे अजून कोणाले बोलायचं हाय का. मी उठणार, तेवढ्यात बायाइच्या बाजूनं रत्नाबाई उठली. मी सांगतलं ना, मुकी बाई. लोकाइले वाटलं पाणी प्याले उठली.

ती म्हणे, मारत होता. मी पाह्यलं.

इमानवेलभाऊ म्हणे बस खाली. ती बसली नाई. म्हणे, तो मारे तवा मी बाहेरून दार लोटून घेत होती, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून. रेडिओवर गाणे लावत होती. मी मंडळीले सांगून राह्यली, तुमाले नाई. अन् मंग मेरीबाईनं जाऊन तिचा हात धरला.

मंग आबानं विचारलं, सुवार्ताचं बंद केलेलं सोडायचं का? हात वर झाले. सारे नाई, पण लय झाले, अन् मंग न करणाऱ्याइनंई केले, आजूबाजूले पाहून. प्रवीणले शिस्तीखाली ठेवलं. इमानवेलभाऊ पंच राह्यले नाई. पाळक साहेबानं डोळे पुसले, प्रार्थना केली का हे प्रभू आमी चुकलो, आमी जे इथं सोडलं ते तू वर सोड. गायन झालं, तबल्याबिगर. बाया माह्या गळ्यात पडल्या. त्याच, पुस्तकात पाहणाऱ्या. मले म्हणे करुणाबाई, प्रभूनं तुमचा उपयोग केला. मी म्हटलं हो हो, अन् धावतच घरी आली.

सुवार्ता युनिफॉर्मले इस्त्री करून राह्यलती. मी दारातूनच सांगतलं, सोडलं तुले, साऱ्या मंडळीनं हात वर केले, ईस्टरले तू भाकर घेशीन. मले वाटलं रडन, गळ्यात पडन. तिनं इस्त्री उभी करून ठेवली. म्हणे, आई, बांधलं तवा मले विचारलं नाई. सोडलं तवाई नाई विचारलं. मी काय गाठोडं हाय का?

मी म्हटलं अवं काय बोलतं, सभा होती. ती म्हणे, हो ना, सभा होती. माह्यावर सभा होती अन् मले बोलावलं नाई. शिस्तीखालच्याले सभेत बसता येत नाई म्हणून नाई बोलावलं, होय का नाई? मंग तिथं कोणी तरी म्हटलं का, पोरीले विचारा, तुले काय पाह्यजे? आबा म्हणले? तू म्हटलं?

नोतं म्हटलं. माह्या डोक्यातच आलं नाई. पण त्या घडीले मले काई समजलं नाई, मले रागच आला. लय बोलली तिले. म्हटलं तुह्यासाठी मी गावाशी भांडली, माहे डबे गेले, सैतान म्हणून घेतलं सोताले, अन् आता तू मलेच सुनावतं! ती म्हणे, तू माह्यासाठी भांडली आई, मले मालूम हाय, तुह्याबिगर मी मेली असती त्या घरात. पण मले आता त्याइच्यात बसायचं नाई. मी तिथंच बसून असताना मले ओलांडून घ्याले त्याइनं जो हात काढून ठेवला ना, तो मी पाह्यला. मी येते म्हणीन तवा येईन. नाई म्हणीन त नाई येणार. हे मी ठरवीन.

काही दिवस आमी बोललो नाई. एका घरात दोन बाया, अन् सलाम नाई. ईस्टरच्या आदल्या दिवशी मीच तोंड उघडलं. म्हटलं उद्या सलाम माह्यापाशी येईन, तू नसशीन, मंग मी काय करू, अडवू का देऊ? ती म्हणे देऊन टाक. म्हातारे लोक वाट पाहून राह्यले, माह्या नावानं त्याइची भाकर काऊन अडवतं. माहं भांडण म्हातारीशी नाई. त मी दिला. सलाम मेजापाशी गेला, कापड उघडलं, मीई घेतली भाकर. नळावरच्या बाईची ती सासू आजारी होती ना, तिच्याकडं पाळक साहेब घरी भाकर घेऊन गेले, तिनं घेतली, नंतर गेली बिचारी. त्याचं बरं वाटते मले.

पण राग गेला नाई माहा, सांगते तुमाले. मंडळीले वाटते झालं, संपलं, प्रभूची स्तुती असो. दर रविवारी कोणी ना कोणी विचारते, सुवार्ता कवा येते हो, आता त सोडलं ना तिले. जशी काई तिच्यावर मेहरबानी केली अन् पोरगी नखरे करून राह्यली. पाळक साहेब म्हणे ताई, तिले समजवा, घेऊन या. मी म्हटलं साहेब, बंद केलेलं तुमी माईकवरून सांगतलं, आता माफी मागायची त मले काऊन निरोप्या करता? जा ना घरी, तुमच्या पायानं. संध्याकाळी ती घरीच असते. हो हो म्हणे. अजून आले नाई. मंडळीले अधिकार हाय, मी पयले बी म्हणत होती, आज बी म्हणते. बांधायचा हाय, सोडायचा हाय. पण चुकलं म्हणून कोणाच्या दारात जायचा हाय का नाई, ते यांना कोणी शिकवलं नाई वाटते.

एकटी रत्नाबाई येते. नवऱ्याच्या घरातच राहते ती, कुठं जाईन या वयात, पण शनवारी दुपारी इथं येते, ह्याच पाटावर बसते, मेथी निवडते, लसूण सोलते. पयल्या दिवशी आली तवा सुवार्ता खोलीतून बाहेर आलीच नाई. दुसऱ्या खेपेले बाहेर येऊन उभी राह्यली. आता समोर बसते, दोघी मेथी निवडते, बोलत काही नाई. मी मदे पडत नाई. मले विचारलं नाई कोणी, अन् मी बी आता विचारल्याबिगर कोणाच्या मदे पडत नाई, एवढं शिकली.

रविवारी सुवार्ता ड्युटी मागून घेते. मी एकटी जाते. सलाम आला का देते. प्रार्थनेत पाळक साहेब म्हणते मंडळीसाठी आशीर्वाद मागा, सारे मागते, मीई डोळे मिटते अन् मागते. म्हणते, प्रभू, या मंडळीचं भलं कर, माह्या बापासारख्या माणसाइनं उभी केली हाय. पण आधी माह्या पोरीचं कर. मंडळीचं मंग पाहू.